रुपेरी गाडीचे चौऱ्याऐंशी किलोमीटर

ही गोष्ट खोटी पाडायची असेल तर खुशाल सीमेजवळच्या आमच्या उशारल गावाला या. गाडी अजून आहे. गाडीची मालकीणही आहे. सीमेच्या रस्त्याला कुणालाही विचारा, उल्बोसिनची रुपेरी गाडी कुठली.

मी तिची शेजारीण. बावीस वर्षं आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच कुंपण आहे. तिने जे पाहिलं ते मला त्याच दिवशी कळलं. आणि शेवटचं तर मी स्वतः...

पण ते शेवटी.

फेब्रुवारीतला बुधवार होता. थंडी उणे बावीस.

बापाला चौथी मुलगी झाली म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं उल्बोसिन. म्हणजे 'आता तरी मुलगा होऊ दे'. जिला जन्मभर हाकेतूनच टोमणा मिळाला, ती बाई लोकांच्या टोमण्यांना काय भीक घालणार? अठरा वर्षं तिने बेकरीची गाडी चालवली. नवरा आधीच गेला होता, मग बेकरीही बंद पडली. थोरला दीर ओरिनबेक घरच्या सुनेला म्हणतात तसं केलिन म्हणत आला.

"केलिन, माझ्या खानावळीत भांडी आहेत, पीठ मळायचं आहे. उद्यापासून ये."

"भांडी तुमची आहेत, आगा. हात माझे आहेत," ती म्हणाली.

नवऱ्यामागे राहिलेल्या चारही घोड्या तिने विकल्या. जुनी का होईना, भारी जर्मन गाडी घ्यायची आणि सीमेवरच्या स्टेशनापर्यंत प्रवासी न्यायचे. आमच्याकडे प्रवासी आधी गाडी बघतात, मग ड्रायव्हर. गाडी चुकीची निघाली तर दुसरी घ्यायला घोड्या उरल्या नव्हत्या. उरली होती ती खानावळ.

चुलत दीर बोलतखान जुन्या गाड्यांचा व्यापार करायचा. त्याने दोन गाड्या तिच्या अंगणात आणून लावल्या. एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या, वीस वर्षं जुन्या. काळी साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. रुपेरी फक्त एक लाख अठ्ठावीस हजार.

"जेंगे, तीन दिवस ठेव, दोन्ही चालवून बघ," तो वहिनीला म्हणाला. "पण रुपेरी सोडू नकोस. आतून नवरीसारखी आहे."

"वीस वर्षांची नवरी? दात मोजूनच घेईन."

त्या बुधवारी, पहिल्या दिवशी, तिने दोन्ही चालवल्या. संध्याकाळी रुपेरीच्या मीटरवरचा शेवटचा आकडा तिने सवयीने डोक्यात ठेवला. चारशे सहा. दोन्ही किल्ल्या कोटाच्या खिशात टाकल्या. फाटकाला कडी लावली.

सकाळी उजाडता उजाडता ती गाईला गवत घालायला बाहेर आली.

काळी गाडी खाली बसली होती. त्यात काही नवल नाही. या गाड्या हवेच्या पिशव्यांवर उभ्या असतात. म्हाताऱ्या झाल्या की उभ्या उभ्या हवा उतरते आणि गाडी उंटासारखी गुडघे टेकते. इंजिन सुरू केल्यावरच उठते.

रुपेरी मात्र ताठ उभी होती.

जणू आत्ताच...

टिक.

उल्बोसिन थांबली.

टिक... टिक...

तापलेलं लोखंड गार होताना करतं तो आवाज. अठरा वर्षं रोज ऐकलेला. तिने हातमोजा काढून बॉनेटवर हात ठेवला.

गरम.

फाटकाची कडी जशीच्या तशी. मध्यरात्रीनंतर बर्फ पडला होता, दुधावर साय धरावी तसा अंगणभर पसरला होता. त्यावर चाकाची एकही खूण नव्हती. तिचा कुत्रा अक्तोस भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो भुंकलाच नव्हता.

तिने आत बसून मीटर पाहिलं.

चारशे... नव्वद.

त्या दिवशी तिने रुपेरीला हात लावला नाही. दुपारी माझ्याकडे आली, किल्ली माझ्या पिठाच्या डब्यात खुपसली आणि म्हणाली, "उद्या मी मागेपर्यंत डबा उघडू नकोस. बाउरसाक तळायचे असतील तर माझ्याकडून पीठ ने."

दुसऱ्या सकाळी किल्ली पिठात होती. मी स्वतः काढून दिली.

मीटर पाचशे चौऱ्याहत्तर. पुन्हा चौऱ्याऐंशी.

आणि चाकांवर पांढरं काहीतरी वाळलं होतं. उल्बोसिनने बोटाने खरवडून जिभेला लावलं.

मीठ.

गावात चाकांना मीठ कुठून लागणार? खारपट लागतो तो सीमेच्या रस्त्याला, गाव सोडून अर्ध्या-पाऊण तासाने.

ती तडक गाडी घेऊन रोझाखुन मिस्त्रीकडे गेली. म्हाताऱ्याने आपलं यंत्र गाडीला जोडलं, बराच वेळ बघत राहिला. "मीटर मागे फिरवलंय, पोरी. गाडीच्या पोटात तीन लाख बारा हजार लिहिलेत."

बोलतखानला बोलावणं गेलं. त्याच्यामागे ओरिनबेकही आला, कारण आमच्याकडे कुणाची फजिती एकट्याने होत नाही.

"सगळेच फिरवतात, जेंगे," बोलतखान म्हणाला.

"सगळ्यांच्या गाड्या पहाटे फिरायला जात नाहीत. कुणाची होती ही?"

तो बुटाने बर्फ उकरत राहिला. मग बोलला.

गाडी सीमेच्याच रस्त्यावरच्या एका टॅक्सीवाल्याची होती. मागच्या हिवाळ्यात बेचाळिसाव्या किलोमीटरवरून, मेंढपाळांच्या वस्तीतून, एका म्हातारीने त्याला फोन केला. दवाखान्यात यायचंय. तो म्हणाला, रस्त्यावर येऊन उभ्या राहा आपा, मी निघालोच. तेवढ्यात सायकान सुटला. आमचा तो वारा उभ्या घोड्याला आडवा करतो. टॅक्सीवाला निघालाच नाही. म्हातारीला निरोपही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती किलोमीटरच्या खांबाला टेकून बसलेली सापडली.

"त्याने गाडी विकली. लोकांनी विचारू नये म्हणून मी मीटर..." बोलतखानने वाक्य पुरं केलं नाही.

बेचाळीस जायचे. बेचाळीस यायचे.

मग ओरिनबेक घसा खाकरून म्हणाला, "काळी घे, केलिन. नाहीतर दोन्ही परत कर. खानावळ आहेच."

"काळीचा गिअरबॉक्स उन्हाळा बघणार नाही," रोझाखुन म्हणाला.

"मग खानावळच."

उल्बोसिनने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "काळी अंगणातच राहू दे. रुपेरी घेऊन मी येते तासा-दोन तासांत."

भर दुपारी बाराला ती एकटी निघाली. लख्ख ऊन, रस्ता मोकळा. ती मोठ्याने बोलत होती, तिनेच मला सांगितलं. "रोज कोण चालवतं ते मला ठाऊक नाही. आज मी चालवते. मागे बस नाहीतर उतर."

चाळीस... एकेचाळीस...

बेचाळिसाव्या खांबापाशी इंजिन आपणहून बंद पडलं.

वारा नव्हता. पक्षी नव्हता. खांबाशी कुणीही नव्हतं.

मग मागचं उजवं दार उघडल्याचा आवाज झाला...

थंड हवा मानेवर आली. ओल्या लोकरीचा वास आला. आणि गाडीचा मागचा उजवा कोपरा हळूच खाली गेला. गाठोडं घेऊन कुणी सावकाश बसावं, तसा.

उल्बोसिनने आरशात पाहिलं नाही. समोर बघतच ती म्हणाली, "आपा, दार नीट ओढून घ्या. माफी मागायला मी आलेली नाही, तो माणूस मी नाही. पण गाडी आली आहे."

मग... दार लागलं.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

दवाखान्यासमोर तिने गाडी थांबवली. खाली उतरून मागचं दार स्वतः उघडून धरलं. "उतरा आपा. पोहोचलो."

कोपरा वर आला नाही.

ती दहा मिनिटं दार धरून उभी राहिली. येणारे-जाणारे बघत होते. शेवटी तिने दार लावलं. "बरं. बसा मग."

तिसऱ्या सकाळी अंगणात दोन्ही गाड्या गुडघे टेकून बसल्या होत्या. रुपेरीचं बॉनेट गार होतं. मीटर संध्याकाळी होतं तिथेच.

"रुपेरी घेते," तिने जाहीर केलं.

"भुताच्या गाडीत बसणार कोण?" ओरिनबेकचा आवाज चढला.

"उणे बावीसमध्ये पहाटे जाऊन वेळेवर परत येते. तुमची तर एप्रिलपर्यंत सुरूसुद्धा होत नाही, आगा."

तिची अट एकच होती. मीटर खऱ्या आकड्यावर आणायचं, बोलतखानच्या देखत. रोझाखुन हसला. "तीस वर्षं मी लोकांची मीटरं मागे नेली. पुढे ने म्हणणारी तू पहिली." त्याने ते केलं. बोलतखान दुसरीकडे बघत राहिला.

याला आता दोन वर्षं झाली. गाडी एकदाही रस्त्यात अडकली नाही. सायकान सुटला की बाकीचे घरी बसतात, आणि वस्तीवरचे लोक उल्बोसिनला फोन करतात. ती जाते. मागच्या सीटवर मात्र दोनच माणसं घेते.

"रोज एक जागा रिकामी नेतेस," ओरिनबेक अजून कुरकुरतो.

"रिकामी कुठे आहे?" ती म्हणते, आणि चहा ओतते.

मागच्या महिन्यात मी तिच्या गाडीने स्टेशनला गेले. मागे मी आणि रेल्वेतला एक आडदांड फोरमन. गप्पा मारत गेलो. उतरायची वेळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी सगळा रस्ता डाव्या दाराला चिकटून बसले होते आणि तो भला मोठा माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून, अंग चोरून बसला होता.

त्याच्या उजवीकडे एका माणसाची जागा होती.

आम्हाला सरका म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दोघंही डाव्याच दाराने उतरलो. त्या जागेवर हात ठेवून पाहावं, ऊब लागते का, असं मनात आलं होतं माझ्या...

नाही ठेवला.