तापीच्या चढावरचा सोबती

हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या. लोणखेड्याचा हिलाल आपल्याच भाऊबंदांतला, आणि खोटं बोलायची त्याला कधी हौस नव्हती.

साल चव्वेचाळीस, होळीनंतरची अमावस्या. सकाळी नंदुरबारला सातवीची फायनल. पास झाला तर मास्तर, नाहीतर बाप त्याला कुणाच्या तरी शेतावर सालदार म्हणून जुंपणार, हे ठरलेलं. शहाद्याहून रात्रीची शेवटची मोटार, तीही गच्च भरलेली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना. मोटारी मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर रडतखडत चालायच्या. ड्रायव्हर जालमसिंगाने सांगून टाकलं, "जागा नही शे. मांगे लटक. चढावर धक्का मारना पडी."

मागच्या शिडीवर आधीच एक पोरगा होता, हिलालच्याच वयाचा. तोही फायनललाच निघालेला. सोबत मिळाली म्हणून हिलालला बरं वाटलं.

"मागला सालले मन्हा पेपर ऱ्हायी गया," पोरगा म्हणाला. "यंदा लिखनाच शे."

प्रकाशाला तेव्हा पूल नव्हता. मोटार तापीच्या वाळूतून कशीबशी गेली आणि पलीकडच्या चढावर अडली. सगळे उतरून धक्का मारू लागले. तो पोरगा हिलालला अगदी खेटून. त्याचा खांदा गार होता... भट्टी एवढी तापलेली, तरी गार.

मोटार हलली. थोडी वर गेली. थांबली.

मग मागे आली...

बाकीचे पटापट बाजूला झाले. हिलालचा पाय वाळूत रुतला होता. निघेना.

"बाजूले व्हय."

कुणीतरी त्याला ढकललं. तो आडवा पडला. मोटार मागे गेली. पोरगा तिथेच उभा होता. हललाच नाही.

पोरगा चाकाखाली आला म्हणून हिलाल ओरडत सुटला. बत्ती आणली. चाकाखाली... काही नाही. शिडीवर तू एकटाच होतास, असं सगळे त्याला समजावू लागले. जालमसिंग तेवढा चाकाशी वाकून वाळू चाचपत राहिला. मग म्हणाला, "गया सालले आठेच, ह्याच चढावर... एक पोर... फायनलले जाई ऱ्हायना व्हता..."

मग सगळ्यांनी पुन्हा धक्का मारला आणि मोटार चढ चढली.

हिलाल वेळेवर पोचला. त्याने पेपर लिहिला. शेजारच्या बाकावर कुणीच आलं नाही. शिपायाने सकाळी सगळ्याच बाकांवरच्या दौती काठोकाठ भरल्या होत्या. घंटा झाली, हिलाल उठला, आणि जाता जाता त्याने शेजारी पाहिलं.

त्या बाकावरची दौत तळापर्यंत रिकामी होती... आणि टाक अजून ओला होता.