जाकड नेलेला कॅमेरा

रिसोडच्या बसस्टँडसमोर 'सुंदर फोटो स्टुडिओ' होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मोबाइलमध्ये कॅमेरा तेव्हाही असायचा, पण त्याने काढलेल्या फोटोतला माणूस कुणीही असू शकत असे. म्हणून लग्न, बारसं, पासपोर्ट आणि स्थळ यांच्यासाठी लोक अजून स्टुडिओत येत, भिंतीवर रंगवलेल्या काश्मीरसमोर बसत आणि घाम पुसून हसत.

स्टुडिओ पवनचा. नाव त्याच्या आईचं, सुंदरबाईचं. स्थळासाठी मुलींचे फोटो काढावेत तर पवननेच, असा तालुक्यात लौकिक होता. त्याने फोटो काढला की मुलीचं लग्न जुळे. त्याचं स्वतःचं मात्र अजून जुळायचं होतं. त्यावर सुंदरबाई जेवताना रोज एक वाक्य बोले, "लोकाइच्या पोरी उजवून राह्यला लेक माहा," आणि वाढायला घेई.

सोयाबीनचा हंगाम होता. बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग स्टँडपर्यंत आलेली, आणि हवेत भुसा असा की उन्हाचा रंगच पिवळा पडलेला. अशा एका दुपारी ओढणी नाकापर्यंत गुंडाळलेली एक मुलगी दुकानात शिरली. दिसत होते ते फक्त डोळे. धंद्याच्या सवयीने पवनच्या मनात आलं, उजेड डावीकडून अगदी बरोबर पडलाय. पुढचं जे मनात आलं, त्याचा धंद्याशी संबंध नव्हता.

"भाऊ, स्थळासाठी फोटो काढायचा हाय," ती म्हणाली.

'भाऊ' हा शब्द वऱ्हाडात रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना लागतो. आजवर पवनलाही तो कधी टोचला नव्हता.

ती सुचिता. गावाच्या कडेला वांगी-मेथी पिकवणाऱ्या बापूरावांची मुलगी. बी.एस्सी. झाली होती आणि बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर भाजीचे क्रेट घेऊन यायची. ओढणी सुटली, ती स्टुलावर बसली.

"मान थोडी डावीकडे... एवढी नाही... हां, अशी."

"हसू का?"

"जितकं येते तितकंच हसा."

"तुमी इतके गंभीर उभे, की मले येऊनच नाही राह्यलं."

त्या फोटोवर पवनने जितकी मेहनत घेतली तितकी त्याने दहावीलाही घेतली नव्हती. तीच त्याची चूक झाली. पण ते पुढे.

जाताना तिची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. अकोल्याच्या व्यापाऱ्याने नुकताच पाठवलेला एक काळा, मुठीत मावेल एवढा कॅमेरा तिथे होता. "एवढासा जीव. हा काय करते?"

पवनने बटण दाबलं. चपट्या कॅमेऱ्यातून लेन्स पुढे आली... मग आणखी पुढे... कासवाने मान काढावी तशी. "वीस पट जवळ दिसते याच्यातून. पाहा."

सुचिताने दारात उभं राहून स्टँडकडे रोखला. मग हळूच म्हणाली, "अगं बाई... कंडक्टर दात कोरून राह्यला." वळून तिने विचारलं, "रस्त्याच्या त्या बाजूच्या माणसाचं तोंड साफ येईल? ओळखू येईल असं?"

"तीळसुद्धा येईल."

"मंग जाकड द्या."

रिसोडच्या बाजारात जाकड न्यायची पद्धत जुनी आहे. साडी घरी न्यायची, चार बायकांना दाखवायची, पटली तर ठेवायची, नाही पटली तर घडी न मोडता परत. पण कॅमेरा जाकड दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पवनने दिला. वर चार्जरही दिला.

पुढच्या बाजाराला ती तक्रार घेऊन आली. तुरीच्या शेंड्यावर बसलेल्या वेड्या राघूचा फोटो तिने पुढे धरला. पाखराचा डोळा, चोचीतली माशी, सगळं लख्ख. पण संध्याकाळी काढलेल्या फोटोंत मुंग्यांसारखे ठिपके दिसत होते.

"उजेड कमी झाला अन् झूम जास्त लावला की असं होते," पवन म्हणाला. "टेकू घ्यायचा. कोपरं अंगाशी धरायची. श्वास रोखायचा, मंग बटण दाबायचं."

"अन् हात कापला तं?"

"कापू द्या. हात कापला तरी याचा फोटो कापत नाही. तीच तं याची खुबी हाय."

"मंग श्वास कायले रोखायचा?"

पवन स्वतःच मघापासून रोखून होता.

त्याच्या पुढच्या बाजाराला दुसरी तक्रार. वीस पटीच्याही पुढे नेलं की चेहरा मेणासारखा दिसतो. "तिथून पुढं जाऊच नका," पवनने सांगितलं. "पुढचं सारं खोटं असते. दिसत काहीच नाही, यंत्र आपल्या मनानं रंगवत जाते."

"माणसाचंही तसंच असते का हो?"

"...असंन."

चांगला दुकानदार अशा वेळी गिऱ्हाइकाची शंका फेडतो आणि माल गळ्यात मारतो. पवन उलट करू लागला. एक शंका फिटली की दुसरी तोच सुचवी. बॅटरी लवकर उतरते, पुढे येणारी लेन्स धुळीला नाजूक असते, पाहा अजून आठवडाभर. आपल्याच मालाची इतकी मन लावून निंदा करणारा दुकानदार रिसोडने पाहिला नव्हता. सुचिताही दर बाजाराला काहीतरी खोट शोधून आणी. आणि एकदा ती गेल्यावर पवनच्या लक्षात आलं की आज ती 'भाऊ' म्हणालीच नाही. त्या दिवशी त्याने एका पेन्शनर आजोबांचे पासपोर्ट फोटो फुकट काढले. आजोबांना संशय आला. ते दोनदा मोजून घेऊन गेले.

मग एके दिवशी तिने सांगून टाकलं.

"मेडशीचं स्थळ आलं. तुमी काढलेला फोटो पाहून."

पवन कॅमेरा पुसत होता. पुसतच राहिला.

"वीरेंद्र नाव हाय. मेडशीच्या फाट्यावर खता-बियाण्याचं दुकान. त्याइची माणसं येऊन पानठेल्यावर माही चौकशी करून गेली. शाळेत विचारून गेली, शेजारच्या गिरजाबाईले विचारून गेली. मी चालते कशी, बोलते कशी, चिडते का. म्या तं फोटो काढतानाच ठरवलं होतं, जो पोरगा सांगून येईन त्याले आपणही पाहायचं, तो एकटा असताना कसा वागते ते. म्हणून तं हा कॅमेरा."

"मंग... जाऊन या."

"माहा चेहरा त्याइनं फोटोत पाह्यला. मी गेली की ओळखतीन. फोटो काढणाऱ्यानं एवढा साफ काढला ना." ती थांबली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी जाता का?"

नाही म्हणायला पवनकडे भरपूर कारणं होती. त्यांतलं एकही सांगण्यासारखं नव्हतं.

मेडशीला एसटीतून उतरून तो रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसला. चहा मागवला, कोपरं अंगाशी धरली. मनात एकच आशा होती: पोराला टक्कल असावं. नसेल तर निदान गिऱ्हाइकावर खेकसणारा असावा. वीस पट जवळून वीरेंद्र दिसला. टक्कल नव्हतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला तो फवारणीचं औषध किती घालायचं ते समजावत होता. म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि त्याने तिसऱ्यांदा, तितक्याच शांतपणे, सांगितलं. गालावर तीळ होता. तोही शोभत होता.

पवनने हात हलवून पाहिला. जरा जास्तच हलवला, चहा सांडला. फोटो मात्र लख्ख आला. आपणच ज्या खुबीचं कौतुक केलं, ती अशी उलटेल असं त्याला वाटलं नव्हतं. तेवढ्यात बस आली. एक म्हातारी पोतं ओढत निघाली होती. वीरेंद्र गल्ल्यावरून उठून धावला, पोतं खांद्यावर घेतलं, बसमध्ये चढवलं, म्हातारीला जागा करून दिली. पवनचं बोट सवयीने दाबलं गेलं. फार सुंदर फोटो आला. जाहिरातीत शोभावा असा.

परतीच्या बसमध्ये तो ते फोटो पाहत बसला. पोत्याच्या फोटोवर येऊन अंगठा थांबला. बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. एकदा दाबलं की झालं. कुणाला कळणार होतं? गाडी खड्ड्यातून गेली, सगळे उसळले, अंगठाही उसळला... पण बटणावर टेकला नाही. पवनने कॅमेरा बंद करून खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. तुरीला पिवळी फुलं आली होती. इतकी छान दिसायची त्या दिवशी तरी काही गरज नव्हती.

बाजाराच्या दिवशी सुचिता आली. एकेक फोटो सावकाश पाहिला. पोत्याच्या फोटोवर बराच वेळ थांबली.

"मुलगा चांगला हाय," ती म्हणाली.

"हो."

"तुमाले काय वाटते?"

"चांगलाच हाय. म्हाताऱ्याले तीनदा समजावलं त्यानं. ते फोटोत नाही आलं, म्हणून सांगून राह्यलो."

"हा पोत्याचा डिलीट करावा असं नाही वाटलं?"

पवनने काउंटरवरची नसलेली धूळ पुसली. "वाटलं."

"मंग काहून नाही केला?"

"केला असता, तं तुमी जे ठरवलं असतं ते तुमचं नसतं राह्यलं. माहं झालं असतं." एवढं बोलून त्याचा दम संपला. पुढचं वाक्य मात्र आपोआपच बाहेर पडलं. "अन् मले तुमी पाह्यजे, पण... अशा नाही."

बाहेर एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला.

"म्या त्याले पाहायले नव्हतं पाठवलं तुमाले," सुचिता म्हणाली. तिचा चेहरा गंभीर होता. डोळे मात्र ओढणीतून दिसायचे तसेच, हसरे. "तुमी कसे फोटो आणता, ते पाहायचं होतं."

पवनला समजायला वेळ लागला. "मंग त्या वीरेंद्रचं काय?"

"तुमी वाकडेतिकडे आणले असते, तं मेडशीले हो म्हटलं असतं. माणूस वाईट थोडाच हाय. आता बाबाले नाही म्हणून सांगीन."

"बाबा चिडतीन."

"चिडतीन. मंग येतीन तुमच्या आईकडं, तुमची चौकशी करायले. सारं खरं सांगा म्हणा त्याइले." ती उठून दारातल्या उजेडात जाऊन उभी राहिली. "बरं, इतके फोटो काढले, आता एक माहा काढा. स्थळासाठी नाही. असाच."

पवनने कॅमेरा घेतला. काउंटरच्या मागूनच रोखला. हाताला सवय लागली होती. लेन्स पुढे सरकू लागली.

"झूम नका लावू," सुचिता म्हणाली. "चालत या."

तो काउंटरच्या मागून बाहेर आला. काश्मीरसमोरून, स्टुलाजवळून, दिव्याच्या तारेवरून एकेक पाऊल टाकत. लेन्स हळूहळू आत गेली. तिचा चेहरा चौकटीत मोठा होत गेला... कपाळ, डोळे, ओठाच्या कोपऱ्यातलं येऊ घातलेलं हसू... आणि मग चौकटीत मावेना. पवनने कॅमेरा खाली घेतला.

"काढला?" तिने विचारलं.

"काढतो."

थोडा वेळ काही हालचाल झाली नाही की असे कॅमेरे आपोआप बंद होतात. त्याचीही स्क्रीन काळी झाली. तो फोटो राहूनच गेला.