काचपेटीतला पाऊस

चिखलाचे बूट घेऊन कुठवर आत यावं, याला काही सुमार असतो. केझाया फिटनने सकाळी गुडघे टेकून, दगडाने घासून दारची पायरी पांढरीशुभ्र केली होती. तिच्याच धाकट्या भावाने, इनॉकने, त्या पायरीवर दोन काळे पाय उमटवले आणि सरळ चुलीपर्यंत आला.

"दोन वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नाहीस," ती म्हणाली, "आणि आलास तो अख्खं गटार घेऊन."

"ताई, पाय मग बघ. सेलिनाने माझा सत्यानाश केला."

टेबलाशी डकवर्थ पावाला चरबी फासत बसला होता. हा निवृत्त हवालदार केझायाकडे खोली घेऊन राहत असे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकच चोर पकडला होता, तोही पाय मोडून पडलेला. गावात काही हरवलं, बिघडलं, की लोक पोलिसचौकी ओलांडून केझायाकडे येत. तिची फी पाव रत्तल चहा.

"नीट सांग," ती म्हणाली. "रडायचं नंतर."

इनॉकने सांगितलं. उद्या शनिवारी ऑरिक्युला या फुलझाडांचं प्रदर्शन. या गावात विणकर घोड्यांवर पैज लावत नाहीत, मूठभर फुलांसाठी मात्र शेजाऱ्याशी जन्माचं वैर धरतात. ऑरिक्युलाच्या पानांवर निसर्गानेच पीठ भुरभुरवलेलं असतं. त्यावर पावसाचा एक थेंब पडला की ओघळ उठतो, आणि ते पीठ पुन्हा येत नाही. म्हणून ही रोपं काचपेटीत ठेवायची. खाली राखेचा थर, चारी बाजूंना फळ्या, वर काचेचं झाकण. सकाळी झाकण काठीवर टेकवून वारा द्यायचा, संध्याकाळी बंद करून वर गोणपाट घालायचं.

"बंद करायचं काम सेलिनाचं," इनॉक म्हणाला. "काल विसरली. रात्रभर काच उघडी. पहाटे पाऊस झाला, आणि रॉबर्टचं रोप धुऊन निघालं!"

रॉबर्ट म्हणजे इनॉकचा एकुलता एक मुलगा, सेलिनाचा नवरा. तो लढाईवर गेला आणि फ्रान्सच्या चिखलातच राहिला. जाण्याआधी त्याने ब्रशाने दोन जातवान फुलांचे पराग जुळवले होते. बी सेलिनाने पेरलं. त्यातलं एकच रोप जगलं, आणि यंदा पहिल्यांदाच त्याला कळ्या आल्या. हिवाळाभर इनॉक खानावळीत टेबल बडवून सांगत होता, या वर्षीची बक्षिसाची तांब्याची किटली आमची, आणि फुलाचं नाव 'रॉबर्ट'.

"त्या पोरीला मी सांगून टाकलंय," तो म्हणाला, "उद्या संध्याकाळच्या आत घर सोड."

"ती जाणार कुठे? अनाथालयातून आलेली आहे. गिरणी महिनाभर बंद. उरला तो दरिद्राश्रम."

"जाईना तिकडे."

केझाया त्याच्याकडे बघत राहिली. "फुलं किती उघडली होती?"

"पाच. लोळागोळा झाली होती. खुडून चुलीत टाकली. बघवेनात मला."

केझायाने शाल घेतली. "डकवर्थ, तोंड पुसा. निघायचंय."

*

इनॉकच्या मागच्या अंगणात दक्षिणेकडे तोंड करून काचपेटी होती. झाकण वर टेकवलेलं. आत बावीस कुंड्या, एक सोडून सगळ्यांवर पीठ जसंच्या तसं. पुढच्या फळीला लागून रॉबर्टचं रोप होतं, मानाच्या जागी. त्याची पानं उघडी हिरवी, बाजारात धुऊन मांडलेल्या कोबीसारखी स्वच्छ. दांड्यावर पाच खुडलेले देठ आणि वाटाण्याएवढी एक मिटलेली कळी.

शेजारच्या दोरीवर रात्री राहिलेली चादर काळ्या ठिपक्यांनी भरली होती.

"आपल्याकडे पाऊस नाही पडत, शाई पडते," डकवर्थ म्हणाला. "गिरण्या बंद, तरी घरोघरची धुराडी आहेतच."

"बोलता छान," केझाया म्हणाली. "बघताही आलं असतं तर काय हवं होतं." तिने पांढऱ्या रुमालाचं टोक पुढच्या फळीच्या आतल्या अंगावरून फिरवलं, बघितलं आणि रुमाल खिशात ठेवला.

खोपटात घडी घातलेलं गोणपाट होतं. डकवर्थने ते उलगडलं आणि तोंड वाकडं केलं. एक बाजू भिजून काळे ठिपके पडलेले, दुसरी कोरडी. हात काळे झाले, ते त्याने पाटलोणीला पुसले.

"पाटलोण कोण धुणार?" केझायाने विचारलं. डकवर्थने हात पाठीमागे लपवले.

*

सेलिना स्वयंपाकघरात पुठ्ठ्याच्या पेटीत कपडे भरत होती. होते दोनच झगे, पण घड्या पुन्हापुन्हा मोडत होती.

"आत्याबाई, मी झाकली होती काच," ती म्हणाली. "गोणपाटसुद्धा घातलं. रॉबर्टच्या शेवटच्या पत्रात तेच होतं. मी कसा आहे ते दोन ओळींत, आणि पेटी कशी झाकायची ते दीड पान." ती हसली आणि तोंड फिरवलं. "पण मामंजी सकाळी उभे राहून ओरडत होते, आणि काच उघडी होती खरी. आता माझंच मला वाटायला लागलंय, की मी झाकली ते स्वप्नात असेल."

"स्वप्नाचं राहू दे. सकाळी उठून काय केलंस?"

"पाणी घालायला निघाले. रोज संध्याकाळी टेकडीवरच्या झऱ्याचे दोन डबे भरून आणते. पिंपातलं पावसाचं पाणी काजळीचं, ते मामंजी ऑरिक्युलाच्या जवळ येऊ देत नाहीत. डबे इथे, दाराच्या आत असतात. आज एक अर्धा होता."

"चहाला घेतलं असेल," डकवर्थ म्हणाला.

"चहाला नळाचं असतं. आणि मामंजींनी आज चहा घेतलाच नाही."

"रात्री दाराला कडी?"

"मीच लावते. सकाळी मामंजी उघडतात."

केझायाने तिच्या हातातला झगा काढून घेतला आणि खुंटीला अडकवला. "हा इथे बरा दिसतो," ती म्हणाली. सेलिनाने तो पुन्हा काढला आणि पेटीत ठेवला.

*

भिंतीपलीकडे जेबेझ हॅस्लम आपल्या काचपेटीवर वाकला होता. सलग सहा वर्षं किटली त्याच्या दारावर टांगली होती, आणि तो ती रोज घासतो असं गाव म्हणे.

"या, या! चौकशी माझीच असणार," तो म्हणाला. "फायदा माझा, तेव्हा चोर मी."

"तुझी अक्कल पाहता नाही वाटत," केझाया म्हणाली. "रोप शेवटचं कधी पाहिलंस?"

"सोमवारी. कळ्या फुटायच्या बेतात होत्या. इनॉकने मला भिंतीवरून ओढूनच नेलं. बघ म्हणाला, आणि किटली काढून ठेव म्हणाला. मंगळवारी दोन फुलं उमलली असं लांबून दिसलं, म्हणून गेलो, तर हा फाटकात आडवा. कुणी आत यायचं नाही! तेव्हापासून चार दिवस काचेवर दिवसासुद्धा फडकं."

"नजर लागेल म्हणून," डकवर्थ म्हणाला.

"असेल. रोप मात्र देखणं होतं. आता पहिल्या फुलाचं काय सांगावं? मागच्या साली होल्डनने असाच डांगोरा पिटला, आणि फुलाच्या गळ्यातून टाचणी वर आलेली. म्हणजे मधली हिरवी दांडी हो, वर गोल डोकं असलेली. गळ्यात परागांचा झुबका दिसला पाहिजे. टाचणी दिसली की फूल बाद. परीक्षकाने बोटाने कुंडी बाजूला सारली. एक फूल तसं निघालं की त्या झाडाची सगळी तशीच, आज ना उद्या! बिचाऱ्या होल्डनला अजून लोक 'काय टाचणी, बरं आहे ना?' विचारतात."

"तू विचारतोस?"

जेबेझने नजर खाली केली. "एकदा-दोनदा."

*

दुपारी केझायाने सगळ्यांना काचपेटीशी बोलावलं. इनॉक घुश्शातच आला. सेलिना दाराच्या चौकटीत थांबली. जेबेझ भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला.

"डकवर्थ, तुमचं मत?"

डकवर्थ खाकरला. "काच उघडी राहिली, पाऊस आला, रोप भिजलं. सरळ आहे."

"तुमच्या हवालदारी डोक्याला सगळं सरळच दिसतं. ती चादर बघा. रात्रीच्या पावसाने तिचं काय झालं?"

"काळी झाली."

"आणि रॉबर्टच्या रोपाची पानं?"

डकवर्थ वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. "स्वच्छ आहेत," तो हळूच म्हणाला.

केझायाने रुमाल काढून सगळ्यांसमोर धरला. टोकाला नुसती धूळ होती, कोरडी. "फळीच्या आतल्या बाजूला एक काळा थेंब नाही. चादरीवर पडलेला पाऊस चार हातांवरच्या पेटीत पडला नाही? आता तुमची पाटलोण दाखवा. गोणपाट एका बाजूने भिजून काळं झालेलं, दुसऱ्या बाजूने कोरडं. पाऊस पडत होता तेव्हा ते खोपटात घडी होऊन पडलेलं नव्हतं, काचेवर पसरलेलं होतं. पोरीने पेटी झाकली होती. पाऊस थांबल्यावर कुणीतरी गोणपाट काढलं, काच उघडली आणि हे रोप हाताने धुतलं."

सेलिनाच्या तोंडून आवाज निघाला. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास असावा तो.

"जेबेझ!" डकवर्थ ओरडला.

"बसा खाली. पाणी कुठलं? पिंपातलं असतं तर पानांवर काजळी असती. ते झऱ्याचं पाणी, आणि डबा आतून कडी लावलेल्या घरात. जेबेझला तिथे कोण घेणार? आणि सेलिनाने हे केलं असतं, तर बालंट स्वतःवरच येईल असं ती कशाला रचेल? सकाळी कडी उघडतो कोण?"

सगळ्यांच्या नजरा इनॉककडे वळल्या.

"रोप बिघडवायचंच होतं," केझाया म्हणाली, "तर पिंपातलं पाणी दोन पावलांवर होतं. तेच ओतलं असतंस तर मीसुद्धा फसले असते, इनॉक. पण बिघडवतानासुद्धा तुला ऑरिक्युलावर घाण पाणी घालवेना."

इनॉकचा चेहरा राखेसारखा झाला. "मी? माझं रोप मी? कशासाठी?"

"तेच मला कळेना. मग फुलं आठवली. तू मेलेली रोपं तीन-तीन वर्षं ठेवतोस आणि कुणामुळे मेली ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतोस. आणि ही पाच फुलं, सुनेविरुद्धचा पुरावा, चुलीत? सोमवारी लोकांना ओढून आणून दाखवत होतास, पहिलं फूल उमलल्यावर काचेवर फडकं टाकलंस. फुलात काहीतरी होतं जे कुणी पाहायला नको होतं. पाच खुडलीस. सहावी मिटलेली, म्हणून सोडलीस."

ती सेलिनाकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "ही कळी रॉबर्टची, म्हणजे तुझी. उघडू?"

सेलिना पुढे आली. कळीकडे बघितलं. मग मानेनेच हो म्हटलं.

केझायाने केसातला आकडा काढला आणि एकेक पाकळी बाजूला केली. आत, मधोमध, हिरव्या डोक्याची टाचणी होती.

जेबेझने डोक्यावरची टोपी काढली. हसला नाही.

इनॉक फळीच्या कडेवर बसला. "मंगळवारी दिसली," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला नाव सांगून बसलो होतो. ते हसले असते, ताई. माझ्या मेलेल्या पोराला टाचणी म्हणाले असते. पावसाने गेलं म्हटलं, तर कोण हसणार होतं?"

"आणि पावसाला आत कुणी घेतलं, हे विचारलं तर?"

सेलिनाने कुंडी उचलून छातीशी धरली होती. "मला सांगितलं असतंत, मामंजी," ती म्हणाली. "मी कुणाला बोलले नसते. मला आवडलं असतं ते फूल, तसंच."

त्याने हात पुढे केला. तिने कुंडी दिली नाही.

केझाया भावासमोर उभी राहिली. "ऐक. उद्या तू प्रदर्शनात जाशील, मोकळ्या हाताने, आणि सगळ्यांसमोर सांगशील की रोप मी धुतलं. लोकांना हसू दे. तुझ्यावर हसतील, पोरावर नाही. सेलिना आजपासून माझ्याकडे राहील, रोप तिच्याबरोबर येईल, आणि ही एकवीस तुझी तू झाक रोज. मेलेल्याची अब्रू झाकायला तू त्याची जिवंत बायको उघड्यावर काढलीस. ते फूल मी बाद केलं नसतं, इनॉक. तुला केलं."