बगळ्याच्या डोळ्याखालचा ठिपका

वेत्तोरची नि माझी पहिली भेट झाली ती आमच्या छापखान्याच्या दारात, टक्कर होऊन. त्याच्या हातातला ओला कागद माझ्या बाहीला चिकटला आणि बाहीवर बगळा उमटला.

“अगं, बघून चाल ना! आठ दिवस कोरतोय त्याला, अजून डोळा व्हायचाय!”

“मग नाचवत कशाला फिरतोस?”

तो माझ्याकडे बघतच राहिला… जरा जास्तच.

बगळा ही आमची खूण. व्हेनिसमध्ये प्रत्येक छापखान्याची आपापली असते. पुस्तकाच्या शेवटी ती दिसली की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं. आमचा जुना लाकडी ठोकळा झिजला, म्हणून बाबांनी नवा वेत्तोरकडून कोरून घेतला. ठोकळा झाला, तरी त्याचं येणं काही थांबलं नाही.

“काम सोडून कुणावर ध्यान लावून बसलास?” मी चिडवायची.

“बगळ्याकडूनच शिकलो,” तो म्हणायचा. मला ते आवडायचं.

वर्षभराने बाबा बाजारातून एक प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आले. पानोपानी चुका, आणि शेवटी आमचा बगळा! आम्ही ते छापलंच नव्हतं.

“हुबेहूब आहे!” त्यांनी ते वेत्तोरसमोर आपटलं. “तुझ्याशिवाय कोण कोरणार? चालता हो!”

चोर ठरला तर या शहरात त्याला कुणी काम देणार नव्हतं. तो निघून गेला असता… कायमचा.

वेत्तोरने पान उजेडात धरलं.

“मालक, हा माझा नाही. माझ्या बगळ्याच्या डोळ्याखाली ठिपका आहे. चोराला तो शाईचा डाग वाटला, त्याने गाळला.”

बाबांनी आमची पुस्तकं भराभर उघडली. प्रत्येकात ठिपका!

“अरे, मीही डागच समजत होतो! ठोकळा नीट पुसा म्हणून वर्षभर माणसांवर ओरडतोय! कोरलास कशाला?”

वेत्तोर लालबुंद झाला. त्याची नजर माझ्याकडे वळली… माझ्या डोळ्याखालच्या तिळाकडे. मी गाल झाकला, पण बाबांनी पाहिलंच.

“म्हणजे हजार घरांत माझ्या मुलीचा तीळ पोचवलास,” ते मटकन खाली बसले, “आणि तिला विचारलंस का?”

“नाही—”

“मग आता विचार!”

मला इतकं हायसं वाटलं, की रडू नि हसू एकदमच फुटलं.

“ओर्सोला, तू माझ्याशी—”

“हो! आणि आता तो ठिपका पुसायला कुणी गेलं ना, तर माझ्याशी गाठ आहे!”