डाव्या बाजूची खुर्ची

पहिल्याच भेटीत त्यानं मला फसवलं. तेही माझ्याच खोलीत, माझ्याच काचेसमोर बसून.

मी कान तपासते. आमच्या दवाखान्याच्या टोकाला एक छोटी खोली आहे, जाड दाराची, आवाज गिळणाऱ्या भिंतींची. पेशंट आत बसतो, मी काचेबाहेर. मी कळ दाबली की त्याच्या हेडफोनमध्ये बारीक 'टूं' वाजतं. ते ऐकू आलं की त्यानं हातातलं बटण दाबायचं. शेंबडं पोरही करेल इतकं सोपं काम.

तो आला तेव्हा त्याच्या छत्रीनं माझी सगळी लादी ओली केली होती, त्यामुळे मी आधीच वैतागले होते. उजवा कान तपासला. अप्रतिम! इतका तल्लख कान फार दिवसांत पाहिला नव्हता. मग डावा. तोही तसाच... नव्हे, जरा जास्तच तल्लख. मी आवाज बारीक केला, आणखी बारीक केला, तरी हा आपला बटण दाबतोच आहे! मला शंका आली. मी कळ न दाबता नुसतंच बोट हलवलं.

त्यानं बटण दाबलं.

मी दार उघडून आत गेले. माझा चेहरा दिसू नये म्हणून पेशंटची खुर्ची मी तिरकी ठेवते, ती या महाशयांनी केव्हाच सरळ करून घेतली होती.

"आत्ता काय ऐकलंत?" मी विचारलं.

"टूं."

"मी काहीच वाजवलं नव्हतं."

तो ओशाळला. मग हसला, आणि ते हसू फार चांगलं होतं हे मला त्याही रागात कळलं. "कळ दाबताना तुमची डावी भुवई उडते."

"काय?"

"दर वेळी. अगदी ठरल्यासारखी. मी तीच बघून बटण दाबत होतो."

"तुम्ही कान तपासून घ्यायला आलात की माझी भुवई बघायला?"

"कान तपासायला आलो होतो," तो म्हणाला, आणि हसू एकदम विझलं. "दडा बसलाय फक्त. सर्दी झाली होती... सर्दीच असेल ना?"

सर्दी नव्हती. त्याच्याकडे पाठ करून मी पुन्हा सगळी तपासणी केली. डाव्या कानात काहीच उरलं नव्हतं. तो एका सभागृहात साउंडवर बसायचा. नाटक असो, मैफल असो, कुणाचा आवाज किती आणि कसा पोचवायचा हे त्याच्या बोटांवर ठरायचं. आता नवं, मोठं सभागृह उघडणार होतं आणि तिथली मुख्य जागा त्याला मिळायची चिन्हं होती.

"हे कुणाला कळलं तर मला घरी बसवतील," तो म्हणाला. "आवाज कुठून येतो ते समजत नाही, पण कसा आहे ते अजून समजतं. तेवढं सिद्ध करेपर्यंत कुणाला कळू नये."

"इथलं बाहेर जात नाही."

"नक्की?"

"भुवईची शपथ," मी म्हणाले. असलं काहीतरी मी पेशंटशी कधीच बोलत नाही.

एवढ्यावर संपलं असतं. पण आमची वकीलबाई आहे ना!

वकीलबाई म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती, मी आणि पोटोबा असं आमचं त्रिकूट. पोटोबा गणित शिकवतो आणि जेवणाचा विषय निघाला की गणित विसरतो. आमचा जुना रिवाज आहे. एक रविवार सोडून काहीतरी बघायचं, म्हणजे नाटक, चित्रांचं प्रदर्शन, गाणं, जे असेल ते. मग आधी कुणीच गेलेलं नाही अशा ठिकाणी जेवायचं. हॉटेल निवडायची पाळी फिरती असते आणि निवड फसली तर पुढच्या खेपेपर्यंत बोलणी खावी लागतात.

त्या रविवारी वकीलबाई प्रदर्शनाच्या दारात उभी होती, आणि तिच्या शेजारी तो!

"हा माझा धाकटा भाऊ, तुम्ही कधी न पाहिलेला. लहानपणापासून आजोळी वाढला, आता इथं राहायला आलाय. आजपासून आपल्यात. घरच्यांशी भांडून याला मी या साउंडच्या लाइनीत घातलं, माहितेय ना? डास कुठल्या भिंतीवर बसला ते याला ऐकू येतं!"

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. माझाही उडाला असणार.

"नमस्कार," मी अनोळखी आवाजात म्हणाले.

"नमस्कार," तोही म्हणाला. नजर मात्र माझ्या भुवईवर.

जेवायला पोटोबानं निवडलेलं ठिकाण म्हणजे नुसता कल्लोळ होता. उघड्या शेगड्या, चरचरणारं मांस, वर छताला टांगलेले स्पीकर. वकीलबाई त्याच्या डावीकडे बसून बोलत होती आणि तो अंदाजानं माना डोलावत होता. ती म्हणाली, "आईचं गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार बहुतेक." हा प्रसन्न हसून म्हणाला, "वा!"

वकीलबाईचा घास हातातच राहिला.

"अगं, वा म्हणजे... एकदाचं दुखणं जाईल ना!" मी मध्येच बोलले. "आणि तू इकडे ये बघू. मला एसीचा झोत लागतोय." मी तिला उठवलं, खुर्च्यांची अदलाबदल केली, आणि ती त्याच्या उजवीकडे आली. तो माझ्याकडे बघत राहिला. बुडणाऱ्याला काठ दिसावा तसं.

दुसऱ्याच दिवशी मी त्याची तपासणी आमच्या मोठ्या मॅडमकडे सोपवली. घरोब्यातला पेशंट आपल्याकडे ठेवायचा नाही, हा नियम. मॅडमनी मला आणखी काही विचारलं नाही, आणि बरंच झालं.

त्यानंतरचे रविवार मी श्वास रोखून काढले. माझी पाळी आली की मी हॉटेलं कानानं निवडायला लागले. जाड पडदे, गालिचे, बुटकं छत. तळघरातलं नूडल्सचं दुकान, जिथं आम्ही बाहुल्यांचा खेळ बघून गेलो. गच्चीवरचं माशांचं ठिकाण, जिथं वाऱ्याशिवाय कुणी बोलत नव्हतं. पोटोबा कुरकुरला, "ही आपल्याला वाचनालयात जेवायला नेते!" डावीकडून कुणी बोललं की मी टेबलावर बोट वाजवायचे, मग तो तिकडे वळायचा. नाटकाला मी त्याच्या उजव्या हाताला बसायचे. अंधारात त्याच्या बाहीचा स्पर्श व्हायचा, आणि... आणि मी नाटक बघत नव्हते, एवढंच सांगते.

"एक विचारू?" एकदा गच्चीवर, बाकीचे दोघं मासे निवडायला गेले असताना, तो म्हणाला. "हे सगळं तू का करतेस?"

"तुझ्या कानासाठी."

"फक्त?"

"मग काय नाकासाठी?"

"नाक बरं आहे तसं माझं," तो म्हणाला. तेवढ्यात पोटोबा भला मोठा मासा दाखवायला आला आणि मला जे म्हणायचं होतं ते राहून गेलं. औषधांचा उपयोग झाला नव्हता. कान परत येणार नव्हता. अशा वेळी प्रेमाचं बोललं तर त्याला ती कीव वाटेल, ही मला भीती. मग मी काहीतरी विनोद करायचे, आणि घरी जाऊन स्वतःवरच चिडायचे.

नव्या सभागृहाचा उद्घाटनाचा कार्यक्रम दुपारी होता. शंभर वाद्यांची मोठी मैफल, साउंडवर तो. मी सगळा वेळ मागे वळून त्याच्याकडेच बघत होते. त्याच्या कपाळावर घाम होता, बोटं मात्र शांत. सूर असा लख्ख पोचत होता की शेवटी लोक उभे राहिले. मला रडू फुटलं. वकीलबाईही रडत होती, पण तिचं कारण वेगळं.

आणि बाहेर येताच तिनं बॉम्ब टाकला. "आज जेवायला सभागृहाचे डायरेक्टर पण येतायत! मीच बोलावलं. मुख्य जागेचं आज पक्कं करून टाकू."

तिनं निवडलेलं हॉटेल म्हणजे आवाजाचा कारखानाच. चारी बाजूंनी काचा, खाली फरशी, कोपऱ्यात दोघं ढोल बडवतायत. गोल टेबल. मी धावत जाऊन जागा पकडणार, तोवर डायरेक्टर त्याच्या डावीकडे बसलेसुद्धा.

"दुसऱ्या भागात बासऱ्या जरा पुढे आणल्यास ना तू?" त्यांनी विचारलं.

तो सूपकडे बघत होता. मी टेबलावर बोट वाजवलं. ढोलाच्या दणक्यात सगळं टेबलच हादरत होतं, त्याला कसं कळणार?

"आणल्या ना!" मीच बोलले. "मला पण जाणवलं."

"तू पण साउंडवर असतेस का?" डायरेक्टर हसले. मग पुन्हा त्याच्याकडे वळून म्हणाले, "का आणल्यास पण?"

"साहेब, तुम्ही इकडे या ना, तिथं झोत लागतो..." मी उठले.

"थांब." वकीलबाईनं चमचा खाली ठेवला. तिचा कोर्टातला आवाज मला ठाऊक होता. तो आज माझ्यावर चालणार होता. "तुला नेहमी झोत लागतो. नेहमी याच्या उजवीकडेच बसतेस. याला काही विचारलं की उत्तर तू देतेस. आत्ता याच्याकडे बघून बोट वाजवलंस. काय चाललंय तुमचं?"

"काही नाही गं."

"एक तर कारण सांग, नाही तर कबूल कर."

पोटोबानंही खाणं थांबवलं होतं. डायरेक्टर कौतुकानं बघत होते. त्यांना मजा वाटत होती. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. खरं कारण सांगितलं तर त्याची जागा गेली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कबूल करते," मी म्हणाले. "माझं प्रेम आहे त्याच्यावर. झालं समाधान?"

वकीलबाईचा आ वासला. डायरेक्टरांनी टाळी वाजवली. ढोलवाले नेमके त्याआधीच थांबले होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. शब्द न् शब्द त्याला पोचला होता. त्याचा चेहरा उजळला... आणि लगेच कसा कोण जाणे, मिटला.

"ताई, ती मला वाचवतेय," तो म्हणाला. "माझा डावा कान गेलाय. साहेब, तुम्ही मला काय विचारलंत तेही मी ऐकलं नाही. तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि तिला सांगायची मुभा नव्हती. म्हणून ही नसती थाप."

थाप! मला आयुष्यात कधी इतकं लागलं नव्हतं.

डायरेक्टरांनी रुमालानं ओठ पुसले. "आजचा कार्यक्रम एका कानावर केलास?"

"हो."

"कार्यक्रम उत्तम झाला. पण हे मला आधी कळायला हवं होतं. उद्या ऑफिसात ये." आणि ते उठून गेले. वकीलबाई भावाकडे बघत होती, मग माझ्याकडे. "मी इतकी परकी होते का तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली, पर्स उचलली आणि तीही गेली.

त्यानंतर आमच्या पुढच्या ठरल्या रविवारपर्यंत मला कुणाचाच फोन आला नाही. मीही केला नाही. पोटोबाकडून तेवढं कळलं. मुख्य जागा दुसऱ्याला मिळाली. याला त्याच सभागृहात रेकॉर्डिंगच्या खोलीत घेतलं. तिथं एका माणसाचा एकेक आवाज नीट ऐकायचा असतो, कोण कुठं बसलंय त्याच्याशी मतलब नसतो. जागा लहान होती, पण लपवाछपवी संपली होती. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

रविवारी पाळी माझी होती. कुणी येईल असं वाटत नव्हतं, तरी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानामागचं छोटं हॉटेल निवडलं आणि जाऊन बसले. आधी पोटोबा आला. मग दार ढकलून वकीलबाई आली, मागे तो. ती तरातरा आली आणि त्याच्या उजवीकडची खुर्ची ओढून बसली.

"ही आता माझी," ती मला म्हणाली. "इतके दिवस तू बसलीस. हा माझा भाऊ आहे, आणि आता याला सगळं पहिल्यापासून ऐकवायचंय मला." तिचे डोळे लाल होते, पण खुर्ची ओढताना तिनं माझा हात जोरात दाबला. सुटले बाई एकदाची.

मला डावीकडची खुर्ची उरली. वकीलबाई आणि पोटोबा मेन्यूवरून भांडायला लागले. तो समोर बघत पाव मोडत होता. त्याच्या त्या बंद कानाशी मी जरा वाकले. तिथं काहीही बोललं तरी चालणार होतं.

"ती थाप नव्हती," मी म्हणाले.

त्यानं पावाला लोणी लावलं. नीट, कडेपर्यंत.

"माहितेय," तो म्हणाला.

मी दचकले. "ऐकू आलं?"

तो आता माझ्याकडे वळला. "नाही. समोरच्या आरशात भुवई उडाली. त्या दिवशी कबूल केलंस तेव्हाही अशीच उडाली होती."

खरंच, समोरच्या भिंतीवर आरसा होता आणि त्यात माझा लालेलाल चेहरा.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर थाप का म्हणालास? माहीत होतं तर?"

"त्या दिवशी तू माझ्या कानासाठी म्हणालीस," तो म्हणाला. त्यानं लोणी लावलेला पाव माझ्या ताटलीत ठेवला. "मला ते माझ्यासाठी हवं होतं."

"मेलं ते सूप कोण कोण घेणार?" पलीकडून वकीलबाई ओरडली.

"आम्ही दोघं," आम्ही एकदमच म्हणालो.