सेहेचाळीस फूट

शेकोटीत अजून चार पऱ्हाट्या टाका आणि जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. पितांबर माझा साडू, त्याच्यावरच गुदरलेली आहे.

तो धुळ्यात जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढायचा. तिथं शंभर वर्षांचं एक नाट्यगृह आहे. आधी संगीत नाटकं, मग सिनेमा, मग वीस वर्षं कुलूप. नव्या मालकानं दुरुस्ती काढली. दोन दिवसांत नकाशा द्यायचा होता आणि रंगमंच मोजायचा राहिला होता.

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ. आत वीज नव्हती. बरोबर सारिका, नवी इंजिनिअर. ती टेपचं टोक घेऊन मागच्या भिंतीकडे गेली. पितांबर पुढच्या कडेला, मोबाइलच्या उजेडात.

"धरलंस?"

टेप ताणला गेला. बत्तीस फूट. त्यानं लिहून घेतलं.

मग टेप पुन्हा सुटायला लागला. चौतीस... अडतीस...

"सारिका, भिंत लागली ना? कुठं चाललीस?"

पावलं वाजत नव्हती. एकेचाळीस... सेहेचाळीस. थांबला. घट्ट.

"सर," पाठीमागून, प्रेक्षागृहाच्या दारातून सारिका म्हणाली, "टोक भिंतीशी ठेवून मी बाजूच्या दारानं बॅटरी आणायला गेले होते. कोणाशी बोलताय?"

त्यानं ताणलेल्या टेपकडे बोट दाखवलं.

तिनं बॅटरी मारली. टेप सरळ भिंतीत गेला होता. फट नाही. भोक नाही. पितांबरनं ओढला... आणि तो सैल होऊन परत आला.

सकाळी त्यानं बाहेरून मोजलं. भिंतीमागं चौदा फूट जास्त होते. समोर चहा विकणारी म्हातारी बेबाबाई म्हणाली, "भाऊ, मांगे रंगपटनी खोली व्हती. आग लागनी. बठ्ठा भायेर पळनात. एक नटी मझारच राहिनी. मंग भित बांधी टाकी." म्हणजे नटांच्या रंगरंगोटीच्या खोलीतून सगळे बाहेर पळाले, ती एकटी आतच राहिली, आणि मग भिंत बांधली.

मालक म्हणाला, "नकाशात बत्तीसच दाखवा. मला चौकशी नको."

पितांबर रात्रभर झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सेहेचाळीस दाखवून नकाशा दिला. काम गेलं.

तो टेप त्याच्याकडेच आहे. मी पाहिलाय. टोकाच्या पितळी कडीवर एका बोटाचा ठसा. तोंडाला लावतात तो गुलाबी रंग. मी हात लावला...

ओला होता.