कवेलूवरचा दात

छपरावर 'टक्' असा आवाज झाला आणि मला वाटलं, आली वानरं! आलापल्लीत दातांचा दवाखाना थाटल्यापासून माझ्याकडे पेशंटपेक्षा वानरंच जास्त येत होती. पावसानं नुकतीच उसंत घेतली होती. काठी घेऊन बाहेर धावले... तर अंगणात खाकी वर्दीतला एक वनरक्षक! खांद्यावर सहा वर्षांची पोर, हात अजून हवेत, आणि दोघांचे डोळे माझ्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर.

"काय फेकलंत?"

"दात," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "माझा नाई, भाचीचा! आमच्या घराले स्लॅब आहे ना मॅडम. दात तर कवेलूवरच टाकाले पाह्यजे."

"अन् टाकताना काहीतरी मागाचं असते," पोर वरून म्हणाली. "मी नवा दात मागितला."

तो अश्वजित, ती दिव्यानी. तिचे आईवडील गोंडपिपरीकडे शेती करत, आणि ती शाळेसाठी मामाकडे राहायची. मी तिला खाली उतरवून तोंड उघडायला लावलं... सवय, दुसरं काय! पुढे नवी खिडकी, आणि मागे एक काळी पडलेली दाढ.

"ही दुखते?"

दिव्यानीनं हळूच मामाकडे बघितलं. "मी दुसऱ्या बाजूनं जेवते."

"दुधाचीच तर आहे," तो म्हणाला. "पडूनच जाईल ना?"

हेच ते वाक्य! यानंच माझा दवाखाना ओस पडला होता. बाबांनी दवाखान्यासाठी चंद्रपूरला गाळा बघून ठेवला होता आणि मला फक्त दिवाळीपर्यंत मुदत दिली होती.

"दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत ही पडत नाही," मी फणकाऱ्यानंच म्हणाले. "तोवर ती खालच्या पक्क्या दाताची जागा राखते. आधीच गेली, तर शेजारचे दात सरकतात आणि नवा वाकडा येतो."

"म्हणजे राखणदारच," तो हसला. "आमच्यावाणी." हसताना त्याचा हात गालावर गेला. का, ते मला कळेना... आणि कळावंसं मात्र वाटू लागलं.

दाढ भरताना मी त्यालाच प्रश्न विचारत होते. "झोपताना काय देता हिला?"

"चहा-बिस्कूट. त्याबिगर झोपत नाई."

"ब्रश कोण करून देतं?"

"तीच करते. मोठी झाली आता."

"बुटाची नाडी बांधते?"

"ते तर मीच बांधतो..."

"मग ब्रशही तुम्हीच करायचा. वाटाण्याएवढी पेस्ट, रात्री सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर फक्त पाणी." मी दिव्यानीचं डोकं मांडीवर घेऊन तिचा ओठ उचलून दाखवला. तो बघायला वाकला. सागाच्या ओल्या पानांचा वास आला, आणि पुढे काय सांगायचं होतं ते मी विसरलेच.

मग तो गस्तीच्या गावांतही लेकरांचे ओठ उचलून बघू लागला. दातावर खडूसारखी पांढरी रेघ, म्हणजे किडीची पहिली खूण, दिसली की आयांना माझ्याकडे धाडायचा. कुणी लेकराच्या दातांना तंबाखूचं गुडाखू घासत होती, कुणी गुळाचं बोट चोखायला देऊन निजवत होती. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तो स्वतःही यायचा. "दिव्यानीचा दुसरा दात हलून राह्यला. पण पडत नाई."

"हे सांगायला आलात?"

"हो... काऊन, येऊ नाई काय?"

गालावरच्या हाताचं कोडंही सुटलं. अक्कलदाढ किडली होती. "बसा खुर्चीत, काढून टाकते," म्हटलं, तर बिबट्याच्या मागावर जाणारा हा गडी दाराकडे सरकला. "आज ड्युटी आहे मॅडम!" मी किती हसले!

दिवाळी जवळ आली. पेशंट वाढले होते, पण बाबा हटेनात. "रविवारी टेम्पो येतोय. मी चालले," मी अश्वजितला दारातच सांगितलं.

"बरं," एवढंच म्हणून त्यानं गाडी वळवली. असा राग आला त्या 'बरं'चा! माझा जीव जडला होता या माणसावर, आणि हा नुसता 'बरं' म्हणतो?

शनिवारी दुपारी छपरावर पुन्हा 'टक्'.

अंगणात तो एकटाच. गाल टम्म सुजलेला, दातांत कापूस.

"आता कुणाचा?"

त्यानं स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं.

"अक्कलदाढ! कुणी काढली?"

त्यानं गडचिरोलीच्या रस्त्याकडे हात केला. म्हणजे माझ्याकडे नाहीच! एसटीच्या गचक्यांनी पुन्हा रक्त येत होतं. मी नवा कापूस दिला, पायरीवर बसवलं. "घट्ट दाबून धरा. अर्धा तास एक शब्द बोलायचा नाही."

तो डोळ्यांनीच काहीतरी सांगू बघत होता. माझ्याच्यानं राहवेना.

"तुम्हाला बोलता येत नाही ना... मग मीच बोलते. मला चंद्रपूरला जायचं नाही. इथली लेकरं सोडवत नाहीत. आणि तुम्ही... तुम्ही आवडता मला. फार."

त्याचा हात कापसाकडे गेला. मी तो धरून खाली दाबला. "अजून वेळ आहे," म्हटलं, पण हात काही सोडला नाही. दुसऱ्या हातानं तिथूनच बाबांना फोन लावला आणि सांगितलं, टेम्पो पाठवू नका.

एकदाचा कापूस निघाला.

"माझ्याकडे का नाही आलात?"

"तुमच्यासमोर भेलो असतो," तो लाजून म्हणाला.

"आणि छपरावर कशाला टाकली? मोठ्या माणसाची दाढ परत येत नसते, अश्वजित."

तो कवेलूंकडे बघून सुजल्या गालानं हसला.

"दाढ कोणी मागितली?"